खिंडीतली साळू आणि महाराजांची आयाळ

एका डोंगराच्या माथ्यावर एक लहानसे रान होते, आणि त्या रानात शिरायच्या खिंडीत एक साळू राहत असे. रान केवढे? एखादा ससा पहाटे एका टोकाने धावत सुटला, तर न्याहारीच्या वेळेला दुसऱ्या टोकाला पोचावा, एवढेच. पण त्यात हिरडा होता, जांभूळ होते, अंजनीची निळी फुले होती, हरणाच्या पोटाला लागेल इतके उंच गवत होते आणि भर उन्हाळ्यातही न आटणारा झरा होता. चहूबाजूंनी उभे कडे असल्यामुळे पायी येणाऱ्याला वाट एकच, ती म्हणजे ही खिंड. तीही इतकी अरुंद, की दोन भेकरे समोरासमोर आली तर एकाला मागे सरावे लागे.

असे रान बघायला कोणाला आवडणार नाही? खालच्या माळावरून पाहुणे येत. कोणी झऱ्याचे पाणी प्यायला येई, कोणी नुसते सावलीत बसायला. मात्र हवे तेव्हा आणि हवे तसे शिरता येत नसे. पिलांच्या दिवसांत रान बंद असे. एरवीही थोड्याच पाहुण्यांना आत सोडत. त्यांनी पायवाट सोडायची नाही आणि दिवस मावळायच्या आत परत फिरायचे. सगळ्यांत मोठा नियम तर खिंडीतच पाळावा लागे. आत जाण्यापूर्वी प्रत्येकाने साळूपुढे उभे राहून अंग विंचरून घ्यायचे. साळू आपल्या पाठीवरच्या काट्यांनी पाहुण्याचे केस नीट विंचरी, त्यांत अडकलेली कुसळे, गोखरू आणि बिया खाली पाडी आणि तिथल्या कातळावर रगडून टाकी. मग म्हणे, "जा आता. वाट सोडू नका."

हा काही साळूचा चोखंदळपणा नव्हता. समोरच्या डोंगरावरही पूर्वी असेच रान होते. साळूचा जन्म तिथला. कोणाच्या तरी अंगाला चिकटून तिथे रानमोडीचे बी गेले. रानमोडी हे भारी चिवट झुडूप. त्याचा पाला कोणी खात नाही, आणि ते जिथे माजते तिथे गवताची काडी उगवू देत नाही. बघता बघता त्याने सगळा डोंगर गिळला. गवत संपले तशी हरणे गेली, कंद संपले तशी साळवांची बिळे ओस पडली. साळूची आई तिथेच उपासमारीने गेली. ते दुःख साळूच्या मनातून कधी गेले नाही, आणि म्हणूनच ती खिंडीतून हलत नसे. वाऱ्याने उडत आलेल्या एखाद्या बियेचे रोप रानातले सगळे मिळून कोवळेपणीच उपटून टाकत. पण अंगावरून येणारे बी पसा-पसाभर येते. ते अडवायचे काम साळूचे होते.

एके दिवशी खिंडीपाशी एक कोल्हा आला. दूरच्या मोठ्या जंगलातल्या सिंहमहाराजांचा तो प्रधान होता. छाती काढून तो म्हणाला, "महाराज दौऱ्यावर निघाले आहेत. उद्या तुमचं रान बघायला येतील. स्वागताची तयारी ठेवा."

"येऊ देत," साळू म्हणाली. "विंचरून घेतील आणि जातील आत."

कोल्ह्याला हसू आवरेना. "बाई, डोकं ठिकाणावर आहे ना? महाराजांच्या आयाळीला आजवर कोणी हात लावलेला नाही."

"अरे बापरे," साळू म्हणाली, "मग त्या आयाळीत केवढं बी साठलं असेल."

कोल्हा पाय आपटत निघून गेला. इकडे रानात एकच धांदल उडाली. मोर पिसारा फुलवून नाचाची तालीम करू लागला. रानातल्या म्हाताऱ्या वानराने स्वागताचे भाषण जुळवायला घेतले. सशांना पायवाटेवरची पाने वेचायच्या कामाला जुंपले. संध्याकाळी हिरड्याखाली सभा भरली आणि साळूला बोलावणे आले.

वानर घसा साफ करून म्हणाले, "हे बघा साळूबाई, नियम आपण केले तेव्हा सिंह येतील हे कोणाच्या ध्यानीमनी तरी होतं का? नियम असतात ते येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. महाराज म्हणजे का येणारे-जाणारे?"

"उद्या येणार आहेत आणि उद्याच जाणार आहेत," साळू म्हणाली. "मग त्यांना दुसरं काय म्हणायचं?"

मागे कोणीतरी फिसकन हसले, आणि वानराचा चेहरा लाल झाला. मोर पुढे सरसावला. "अहो, दारात आलेल्या राजाला यांनी उभं केलं, असं माळभर होईल. नाक कापलं जाईल आपलं."

"नाक गेलं तर आपलं जाईल. रान गेलं तर पिलांचं जाईल."

एक भेकरमादी हळूच म्हणाली, "साळूमावशी, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. एकदा डोळेझाक केली तर काय बिघडतंय?"

"बी एकदाच पडतं गं," साळू म्हणाली. "मग रोज उगवतं."

उत्तर सुचले नाही की मोठे प्राणी काय करतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. वानर उठून उभे राहिले आणि करड्या आवाजात म्हणाले, "सभेचं म्हणणं ठरलं. उद्या तुम्ही खिंड मोकळी करायची. आडव्या आलात, तर परवापासून या रानात तुम्हाला जागा नाही."

साळूने सगळ्यांकडे एकदा पाहिले. तिथे बसलेल्या एकाएकाचे घर तिने राखले होते. "परवाचं परवा बघू," ती म्हणाली. "उद्या खिंडीत मीच आहे."

मुलांनो, साळू भ्याली नव्हती असे समजू नका. बिळाकडे जाताना तिला एकच घोर लागला होता. एकदा घर गेले होते, आता दुसऱ्यांदा जाणार होते, आणि या वयात तिसरे कुठून शोधायचे? तिला रागही आला होता आणि रडूही येत होते. ज्यांच्या पिलांसाठी तिने पाठीचे काटे झिजवले, त्यांनीच तिला बाहेरची वाट दाखवली होती. तरी सकाळी ती उठली, तिने अंग झटकले आणि नेहमीसारखी जाऊन खिंडीच्या मधोमध बसली.

ऊन वर चढले तसा सिंह आला. बरोबर कोल्हा, आणि पायथ्यापर्यंत जाऊन महाराजांना सामोरे गेलेले वानर आणि मोर. सिंह खरोखरच देखणा होता. त्याची आयाळ छातीवर रुळत होती. मधूनच तो मानेला असा काही हिसका देई, की कोल्हा लगेच म्हणे, "वा, काय डौल आहे." वानर आणि मोरही म्हणत, "वा, वा." तेवढ्यात सगळे खिंडीपाशी पोचले.

"ए, बाजूला हो," कोल्हा खेकसला.

साळू उठली आणि तिने सिंहाकडे पाठ फिरवली. ही काही पळायची तयारी नव्हती. तिचे सगळे काटे सरसरून उभे राहिले, आणि तेवढ्याने खिंड या कडेपासून त्या कडेपर्यंत भरून गेली. शेपटीचे काटे खुळखुळवत ती म्हणाली, "महाराज, विंचरून घ्या आणि खुशाल आत जा."

सिंहाने डरकाळी फोडली. कडे घुमले, झाडांवरचे पक्षी उडाले. वानराची बोबडी वळली आणि मोराला पिसारा मिटायचेही भान राहिले नाही. साळू मात्र जागची हलली नाही.

"तू मला ओळखलं नाहीस वाटतं," सिंह म्हणाला.

"ओळखलं, महाराज. म्हणून तर वेळ जास्त लागेल. आयाळ मोठी आहे."

"एका फटक्यात चेंदामेंदा करीन तुझा."

"कराल," साळू म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "मला ठार करणं तुम्हाला जड नाही. पण माझे काटे तुमच्या पंजात रुततील, आणि ते उपसायला मी नसेन. मी मेले तर मला ओलांडून जा. जिवंत आहे तोवर ही आयाळ अशीच्या अशी आत जाणार नाही. खालून ससा आला तरी विंचरते, रानडुक्कर आलं तरी विंचरते. तुम्हाला सोडलं, तर उद्या कुठल्या तोंडानं सशाला थांबवू?"

सिंहाने दात विचकले आणि तो तिच्या अंगावर झेपावला. पण खिंडीत झेप घ्यायला जागा कुठली? खांदे दोन्हीकडच्या कातळाला घासले, नाक काट्यांवर आपटले आणि दोन काटे नाकपुडीपाशी रुतले. सिंह कळवळला. आयुष्यात पहिल्यांदाच तो कोणासमोरून एक पाऊल मागे सरला.

आता काय होणार, याची वाट बघत साळू तशीच पाठमोरी उभी होती. सिंहाने पंजाने नाकातले काटे काढून टाकले. मग मानेला तसाच एक हिसका दिला, जसा तो सकाळपासून देत होता. कोल्हा सवयीने म्हणाला, "वा, काय डौल."

"डौल नाही रे, मेल्या," सिंह ओरडला. "खाज आहे ती. दोन पावसाळे झाले, मानेत काहीतरी टोचतंय. ना झोप लागते, ना घास गोड लागतो. आणि तुम्ही म्हणता डौल."

कोल्ह्याने आभाळाकडे पाहिले. तिथे बघण्यासारखे काही नव्हते.

मग आवाज खाली आणून सिंहाने साळूला विचारले, "दुखेल का?"

"थोडं दुखेल," साळू म्हणाली. "खाली बसा."

आणि महाराज खाली बसले. साळू मागे मागे सरत त्यांच्या मानेपाशी आली आणि तिने विंचरायला सुरुवात केली. आयाळीतून काय काय निघाले म्हणून सांगू? कुसळे निघाली, आघाड्याचे बी निघाले, वाळक्या काटक्या निघाल्या. मग गुंता सुटत गेला तशी रानमोडीचे बारीक, पांढऱ्या तुऱ्याचे बी पडू लागले. पडतच राहिले. कातळावर ढीग झाला. शेवटी कानामागे एक गोखरू सापडले. ते कातडीत पार रुतून बसले होते आणि भोवती जखम चिघळली होती. साळूने ते अलगद उपटले. सिंहाने डोळे मिटून घेतले, आणि त्याच्या तोंडून इतका मोठा सुस्कारा बाहेर पडला, की वानर दचकून मोराच्या मागे लपले.

डोळे उघडल्यावर सिंहाला समोरचा ढीग दिसला. त्याने त्यातले पांढऱ्या तुऱ्याचे एक बी पंजाने ओढून पाहिले. "हे बी मी ओळखतो. माझं जंगल यानंच खाल्लं. मी दुसऱ्या जंगलात गेलो, तर पाठोपाठ तिथंही उगवलं. तिसऱ्या जंगलातही तेच. प्रधान म्हणतो, हे शत्रूचं कारस्थान आहे."

"शत्रू कसला, महाराज," साळू म्हणाली. "तुमच्याच मानेवर बसून ते रानोरान हिंडलं."

सिंहाला हे ऐकवेना. पण समोर ढीग होता, आणि ढिगाला खोटे म्हणता येत नव्हते. मग तो म्हणाला, "एवढ्या रानांत गेलो. एवढे प्राणी स्वागताला आले. मला कोणीच कसं सांगितलं नाही?"

"सांगायचं तर तुमच्यासमोर उभं राहावं लागतं, महाराज. सगळे वाटेच्या दोन्ही बाजूंना उभे होते."

साळूने तो ढीग कातळावर रगडून त्याचा भुगा केला, काटे मिटले, आणि खिंड मोकळी करून म्हणाली, "जा आता. वाट सोडू नका. दिवस मावळायच्या आत परत या." महाराजांनी मान हलवली आणि ते खिंडीतून एकटेच आत गेले. आपली झुपकेदार शेपूट विंचरून घ्यायला कोल्हा काही तयार झाला नाही. तो बाहेरच धोंड्यावर बसून राहिला.

मागे उरले वानर आणि मोर. वानर हात चोळत पुढे आले आणि गोड आवाजात म्हणाले, "साळूबाई, कालचं मनावर घेऊ नका हं. सभेत बोलावं लागतं असं. तुम्ही आहात म्हणून रान आहे." असे म्हणत म्हणत ते तिच्या बाजूने हळूच आत सटकायला लागले. त्याबरोबर सरसर आवाज झाला आणि खिंड पुन्हा काट्यांनी भरून गेली.

"कुठं निघालात?" साळू म्हणाली.

"कुठं म्हणजे? घरी. आम्ही तर इथलेच."

"माळावरून आलात ना? मग उभे राहा. इथल्यांच्या अंगाला बी चिकटत नाही का?"

वानराने एकदा मोराकडे पाहिले, एकदा काट्यांकडे पाहिले, आणि ते मुकाट्याने पाठ करून उभे राहिले. मोर आपला लांबलचक पिसारा सावरत त्यांच्या मागे रांगेत लागला.

तात्पर्य : जो नियम मोठ्यांना पाहून बाजूला सरतो, तो लहानांनाही थांबवू शकत नाही, म्हणून राखणदाराने भीती वाटली तरी आपली जागा सोडू नये.