चित्रचौकाचं गालबोट

एका राज्यात एक नवी सून खांबाआड उभी होती, आणि ऐकू नये ते ऐकत होती.

"मान वर करून तिनं माझ्या लेकाचं तोंड तरी पाहिलंय का, वन्सं? ती काय ओळखणार त्याला!" राणी हंसावती म्हणाली.

"मला विचाराल तर वहिनी, पायगुणच वाईट," राजाची बहीण म्हणाली. "एकदा सूर्य मावळला, की द्या धाडून माहेरी."

सुनेचं नाव कुमुदिनी. अंगावरची हळद अजून उतरली नव्हती, आणि नवरा भिंतीत गेला होता.

भिंतीत गेला तो असा. त्या राज्यात एक चित्रचौक होता. जमिनीपासून कमानींपर्यंत चिनी मातीच्या रंगीत लाद्या. त्यांवर वेली, हरणं, नौका, नगरं. कालरंग नावाच्या मांत्रिकानं त्या रंगवल्या, भट्टीत भाजल्या, बसवल्या. शेवटी मधोमध तो एक काळी लादी बसवू लागला. म्हणाला, "ही चौकाची तीट."

तेव्हाचा राजा म्हणाला, "माझ्या चौकात डाग नको."

"जशी आज्ञा. मग इथं जे वाखाणलं जाईल, ते चौक ठेवून घेईल." एवढं बोलून मांत्रिक वाऱ्यात विरून गेला, आणि मधोमध पांढरी लादी बसली.

पुढे चौकातून मोर नाहीसे झाले, घोडे नाहीसे झाले. दरबारानं पहारे वाढवले. भिंतींवर मोर आणि घोडे वाढत होते, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

आता नव्या जोडीनं अनवाणी जाऊन चौक पाहायचा, ही त्या घराण्याची रीत. आणि आत डाग नको म्हणून दारातच काजळ पुसायचं, ही दुसरी. राजपुत्र पुष्करराजाच्या गालावरचं गालबोट पहारेकऱ्यानं ओल्या फडक्यानं पुसलं. कुमुदिनीचे डोळे पुसले. जोडी आत शिरली, आणि दारातून पाहणाऱ्या आईच्या तोंडून निघून गेलं, "काय गं बाई देखणा मुखडा माझ्या लेकराचा!"

राजपुत्र नाहीसा झाला. कुमुदिनीच्या पदराला गाठ मारलेलं त्याचं उपरणं रिकामंच लोंबत राहिलं.

कमानीवर एक साळुंकी बसली होती, ती तेव्हा बोलली. "कामं तीन. एक, चौक ओलांडा, पण कशाची स्तुती करू नका. दोन, खऱ्या राजपुत्राला ओळखून हात लावा. चुकलात तर तुम्हीही चित्र. तीन, चौकाला जे नाकारलंत ते द्या. सूर्य मावळताना पश्चिमेची भिंत भट्टीसारखी तापेल. रंग भाजून पक्का झाला, की मग मला काही विचारू नका."

सेनापती तलवार उपसून आत गेला. कारंज्यापाशी पोचला आणि म्हणाला, "वा!" आता तो कारंज्याच्या कठड्यावर होता. मिशा चित्रात खऱ्याहून झुपकेदार आल्या होत्या.

त्यानंतर कुणी उंबरठ्याला पाय लावेना. ऊन कलत होतं. भिंतीवर एका राजपुत्राचे असंख्य राजपुत्र झाले होते, आणि राणीला सगळेच आपले वाटत होते.

कुमुदिनी खांबाआडून निघाली. रिकामं उपरणं कमरेला खोचलं आणि कुणाला न विचारता आत गेली.

लाद्या थंड होत्या. मग त्या हलू लागल्या. तिच्या पावलांपुढे तिच्या माहेरचं अंगण उमटलं: तुळशीपाशी आई, हातात पणती, आणि ज्योत खरीच थरथरत होती. तिच्या घशाशी शब्द आला. तिनं पदराचं टोक दातांत धरलं.

कारंजं मृदू आवाजात म्हणालं, "कसं वाटलं?"

सासरी पहिल्या जेवणाला हाच प्रश्न आला होता. तेव्हा तिनं जे सांगितलं, तेच आताही सांगितलं. "बरं आहे."

चौकाच्या लाद्या खडखडल्या. असा अपमान त्याचा कुणी केला नव्हता. पण वाट सुटली.

पश्चिमेची भिंत तांबूस होऊ लागली होती. तिच्यापुढे राजपुत्रच राजपुत्र. तेच नाक, तेच डोळे, तोच मंदिल. कुमुदिनीनं एकेक तोंड पाहिलं, आणि एकही ओळखीचं वाटेना. आत्याबाई खोटं बोलत असतील, सासूबाई नव्हत्या. अंतरपाट दूर झाला तेव्हा ती लाजली होती. होमाच्या वेळी धूर होता. त्यानंतर मान वर करायची सोय नव्हती.

धग गालांना लागली. तिनं सवयीनं मान खाली घातली.

आणि पाय दिसले.

आईनं मुखडा वाखाणला होता. चौकानं मुखडे घडवले. पायांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, म्हणून खोट्या चित्रांना चौकानं आपल्या पसंतीचे पाय दिले होते, सगळे सारखे, कमळासारखे. ती भिंतीलगत वाकून चालू लागली. कमळ, कमळ, कमळ. सप्तपदीत ती त्याच्या मागून चालली होती. तेव्हा डाव्या पायाचं एक बोट अंगठ्यावर चढून बसलेलं पाहून तिला हसू आलं होतं, आणि भटजींनी डोळे वटारले होते.

ते बोट एका लादीवर होतं. चढून बसलेलं.

तिनं हात पुढे केला आणि थांबवला. जे नाकारलं ते आधी द्यायला हवं; हात चुकला आणि तीही चित्र झाली, तर मागून देणार कोण? डोळ्यांतलं काजळ तर दारातच गेलं होतं. पण निघताना आईनं कानामागे तीट लावली होती, जिथं सासरच्यांची नजर जात नाही. पहारेकऱ्याचीही गेली नव्हती.

बोटाला काजळ आलं ते एकाच ठिपक्यापुरतं. त्याच्या गालावर लावावं असं तिला फार वाटलं. भिंतीतून रंग भाजल्याचा वास येऊ लागला होता. ती वळली, धावली, आणि मधोमधच्या पांढऱ्या लादीवर तिनं तो ठिपका टेकवला. मग परत धावली, आणि हात पोळत असताना त्या वाकड्या बोटाला शिवली.

चौकानं श्वास सोडला. लाद्यांतून मोर उतरले, घोडे उतरले, सेनापती आपल्या नेहमीच्या मिशांसह उतरला. खोटे मुखडे पुसले गेले. पुष्करराज तिच्यासमोर उभा राहिला आणि पाहू लागला, आपलं उपरणं हिच्या कमरेला कसं.

राजानं त्याच घटकेला आज्ञा केली: मधोमध काळी लादी बसवा, दारातलं ओलं फडकं जाळा. साळुंकी उडून गेली. तिचं काम संपलं होतं.

राणी हंसावतीनं लेकाला कुरवाळलं. या वेळी काही न बोलता. मग सुनेकडे वळली. "मला आईला साधलं नाही. तू कसं गं ओळखलंस?"

आत्याबाई मागेच उभ्या होत्या. कुमुदिनीनं सासरच्या माणसांपुढे पहिल्यांदाच मान वर केली.

"आपण खांबापाशी म्हणालात ते खरं आहे, सासूबाई. तोंड मी अजून नीट पाहिलेलं नाही. तुम्ही सगळ्यांनी मान खाली घालायला लावलीत, म्हणून पाय तेवढे पाठ झाले."