वाट एकच

“आलेखाची ही शेवटची शेपटी कापली तर काय बिघडतं, सर?”

सुहृदने आलेख रेगे सरांपुढे सरकवला. केसाहून कितीतरी बारीक तार. तिच्यावर प्रकाश पाडला की इलेक्ट्रॉन सुटतात, त्यांच्या जागा रिकाम्या होतात आणि इलेक्ट्रॉन व रिकाम्या जागा दोन्ही तारेत भटकू लागतात. एकमेकांना भेटले की अंधूक उजेड पडतो, जोडी संपते. तो उजेड कसा मावळतो, हाच सुहृदचा प्रबंध.

त्याचं सूत्र सुरुवातीला चोख बसत होतं. शेवटी मात्र उजेड मावळायचं नावच घेत नव्हता.

“यंत्राचाच गोंधळ असणार,” तो म्हणाला. “सोमवारी प्रबंध दिला नाही तर जर्मनीतली जागा हातची जाईल, सर.”

सरांनी खिशातून दाण्या-फुटाण्यांची पुडी काढली आणि गदागदा हलवली...

“यात दाण्याला फुटाणा भेटायला किती वेळ?”

“लगेच भेटतो. सगळे मिसळलेत ना.”

“तुझं सूत्र या पुडीचं आहे बाबा.”

मग सरांनी पुडी सरकत्या खिडकीच्या खाचेत रिकामी केली. सगळे दाणे-फुटाणे एका रांगेत बसले.

“आता शेजारी-शेजारी दाणा-फुटाणा दिसेल ती जोडी खा.”

सुहृदला रागच आला. इथे आयुष्याचा प्रश्न, आणि यांना खाणं सुचतंय. तरी मुकाट्याने खाल्लं.

खाचेत उरला इकडे फुटाण्यांचा घोळका, तिकडे पार टोकाला दाण्यांचा. मधे नुसती मोकळी खाच.

एक दाणा उचलून फुटाण्यांपाशी ठेवायला त्याने बोट पुढे केलं. सरांनी हात धरला.

“उचलायचं नाही. तारेत त्यांना कोण उचलतंय? वाट एकच आहे. मग काय करतील?”

“...वाट बघतील.”

बोलून गेला आणि त्याचे कान तापले. उरलेले उशिरा भेटणार, उजेड रेंगाळणारच; शेपटी खरी होती. तीच कापायला आपण निघालो होतो, याची त्याला लाज वाटली.

जर्मनीची जागा गेली तर गेली. सुहृद उठला, यंत्रापाशी बसला आणि शेपटीची मोजणी नव्याने लावली.

“सर, बंद कधी करू?”

सर खाचेकडे बघत होते...

“शेवटच्या दाण्याला फुटाणा भेटला की.”