ओल्या मातीतला पंजा

त्या राज्यात न्यायाच्या दोन जागा होत्या. खोऱ्यात तरस न्याय करीत, कड्यावर गिधाडं. दोन्हींच्या मध्ये, पळसाच्या झाडाखाली, एक खोल खड्डा होता. चुकलेल्यांना त्यात ठेवत. न चुकलेलेही अधूनमधून सापडत.

अस्वलाला त्यात टाकलं ते राजाचं मोहोळ फोडल्याबद्दल. खरं तर त्या दिवशी ते नदीपलीकडे वारूळ उकरत होतं. पण अस्वल आणि मध! आणखी काय पुरावा हवा? तरसांनी मातीच्या ओल्या पाटीवर त्याच्या पंजाचा ठसा घेतला, पाटी वाळवून फडताळात ठेवली आणि मोकळे झाले. ठसा मोठा देखणा उठला होता, चांगला गुबगुबीत.

पहाऱ्यावर घोरपड होती. स्वभावाने बरी, पण नोकरीला बांधलेली. पहिल्याच आठवड्यात तिने वरून वाकून सांगितलं, "अस्वलबुवा, कड्यावर अर्ज करता येतो. अर्ज मानला तर गिधाडं हुकूम काढतात, की डांबलेल्याला आमच्यापुढे आणून उभं करा आणि का डांबलंत ते सांगा. पण आधी खोऱ्यातल्या तरसांच्या न्यायाच्या तिन्ही दारांनी नाही म्हणायला हवं. आणि हा पळस पुन्हा फुलायच्या आत अर्ज वर पोचायला हवा."

"आणि नाही पोचला तर?"

"मग इथंच, बुवा. कायमचं."

अर्जाची रीत सोपी होती. मातीच्या पाटीवर आपला पंजा उमटवायचा, बस्स. फक्त खड्ड्यातली माती ठणठणीत कोरडी होती, आणि पाणी मिळे दिवसाला एक करवंटी. अस्वलाने चार दिवस अर्धंच पाणी प्यायलं, उरलेल्यात माती भिजवली आणि पाटी वर दिली. पहिल्या दाराने पावसाळ्यात नाही म्हटलं. पुन्हा माती, पुन्हा पाणी. दुसऱ्याने थंडीत नाही म्हटलं. पाटीकडे तिथे कुणी बघतही नसे. नाही म्हणायला बघायची गरज काय?

तिसरं दार मात्र गप्प बसलं. ते दिवस अस्वलाला फार जड गेले. घोरपड उन्हाला सरकली की बोलायला कुणी नसे. मग ते स्वतःशीच नदीपलीकडच्या वारुळाची गोष्ट बोले, पुन्हा पुन्हा, विसरू नये म्हणून. कधी कधी त्याला भीती वाटे, की आपण खरंच मोहोळ फोडलं असेल का? आणि मग त्याला रडू येई.

पळसाला कळ्या धरल्या तेव्हा तिसऱ्या दारानेही नाही म्हटलं. अस्वलाने त्या दिवशी पाण्याला तोंडच लावलं नाही. सगळी करवंटी मातीत ओतली. घोरपडीने पाटी पाठीवर बांधली आणि स्वतः कडा चढली. कळ्या अजून मिटलेल्या होत्या. अर्ज वेळेत पोचला!

अस्वलाने अंग झाडलं, केसांतली माती काढली. गिधाडांपुढे उभं राहायचं तर जरा नीट दिसायला हवं.

गिधाडं फार काटेकोर. त्यांनी खोऱ्यातून जुनी पाटी मागवली, नवी शेजारी ठेवली, आणि तीन दिवस दोन्ही ठशांवर चोची फिरवल्या.

चौथ्या दिवशी घोरपड दोन्ही पाट्या घेऊन परत आली.

"काय म्हणाले, घोरपडबाई?"

"म्हणाले, ठसे जुळत नाहीत. डांबलंय ते जाडजूड अस्वल, आणि अर्ज केलाय कुणा हडकुळ्याने. परक्याचा अर्ज चालत नाही. ज्याला डांबलंय त्याने स्वतः करावा."

"पण मला बघितलं कुणी?"

"नाही हो, बुवा."

तिने दोन्ही पाट्या दोरीने खाली सोडल्या. अस्वलाने नवी बाजूला ठेवली. जुनी पुढ्यात ओढून त्या गुबगुबीत ठशात त्याने आपला पंजा ठेवला. पंजा आत हलत होता; चहूबाजूंनी जागा उरली होती.

वरून पळसाची एक लाल पाकळी गिरक्या घेत खाली आली, आणि त्या उरलेल्या जागेत अख्खी मावली.