बयजामावशीची वीतभर कुंची

सांगतो, पण आधी पाय आवरून बसा, आणि हे नेमकं कधी झालं ते मला विचारू नका. फार वर्षांपूर्वी झालं, एवढं पुरे. सावरखिंडीला तेव्हा सडक नव्हती. गुरं पाण्यावर न्यायची वाट तेवढी होती, आणि त्या वाटेच्या तोंडाशी सावरीचं झाड होतं. ते झाड अजून आहे, तुम्ही त्याच्यावर चढता आणि काटे टोचले की बोंबलता, तेच. गुरुवारच्या बाजारात त्याच्या सावलीला बयजामावशी टोपली घेऊन बसायची.

बयजामावशी शिंप्याच्या घरातली. पण माणसांचं कापड तिने कधी बेतलं नाही. ती बाहुल्यांचे कपडे शिवायची आणि विकायची, हाच तिचा धंदा. भावाच्या दुकानात कात्रीखालून जी कातरणं पडायची ती ती वेचून आणायची आणि त्यातून बोटाएवढा परकर, खणाचं पोलकं, काठापदराचं लुगडं, बाहुल्याला अंगरखा आणि पागोटं असं काय काय काढायची. पोरी बाहुला-बाहुलीची लग्नं लावायच्या, त्या दिवसांत तर तिला मान वर करायला फुरसत नसायची. नवरीकडचे आणि नवऱ्याकडचे दोघेही तिच्याच टोपलीवर भांडायचे.

मोठ्या माणसांकडून ती पसाभर दाणे घ्यायची. पोरांकडून मात्र चिंचोके. गाव हसायचं, म्हणायचं, बयजा चिंचोक्यांवर संसार करते. तिला त्याचं काही नव्हतं. ती चिंचोके भाजून, सोलून, दळून त्याची खळ करायची, आणि ती खळ दिली की बाहुलीचं लुगडं असं ताठ उभं राहायचं की पाटलिणीचं राहणार नाही. आता सांगा, कोण कुणाला हसणार?

तिच्या दोन गोष्टी जगावेगळ्या होत्या. एक म्हणजे ती शिवण बाहेरच्या अंगाला ठेवायची. दुमडीचा जाडपणा, धाग्याची गाठ, सगळं बाहेर. आत हात घातला तर दुधावरच्या सायीसारखं मऊ. भाऊ चिडायचा की अगं, हे उलटं दिसतं, लाकडाच्या ठकीला काय टोचणार आहे? ती म्हणायची, टोचत नसेल तर ठकीने स्वतः येऊन मला सांगावं. दुसरी गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारल्याशिवाय ती सुई हातात घ्यायची नाही. बाहुलीचं नाव काय? आणि तिला थंडी वाजते का? पोरं जे सांगतील ते ती खरं धरायची. ज्या बाहुलीला थंडी वाजते तिच्या कपड्याला ती आतून सावरीचा कापूस भरून द्यायची. तिने शिवलेलं अंगावर चढलं की बाहुली हळूच श्वास घ्यायची, असं म्हणतात.

एकदा बाजार उठत आला असताना एक बाई तिच्यापुढे येऊन बसली. गिरजा तिचं नाव, खालच्या आळीतली. पदराखाली तिने चिंध्यांची एक बाहुली झाकून आणली होती. चांगली वीतभर होती, घरीच केलेली, तोंडावर नाकडोळे काही नाहीत. गिरजा म्हणाली, हिला कुंची पाहिजे. बयजामावशीने सवयीने विचारलं, "नाव काय हिचं?"

गिरजा खाली बघत म्हणाली, "नाव ठेवायचं राहिलं."

बयजामावशीला कळायचं ते कळलं. गिरजाला दिवस भरायच्या आत मुलगी झाली होती, वीतभर. सावरखिंडीचा जुना नेम असा, की पाचवी होईपर्यंत बाळाच्या अंगाला सुईचा टाका लागू द्यायचा नाही. पाचवीला सटवाई येते, बाळाच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहून जाते. पण अंगावर टाका दिसला तर तिला वाटतं, याचं शिवून पुरं झालंय, आता लिहायचं काही उरलं नाही. आणि ती तशीच परत जाते. गिरजाने मायेच्या भरात आधीच झबलं शिवून मुलीला घातलं होतं. मुलगी पाचवीपर्यंत राहिली नाही. कशाने गेली देव जाणे, पण गिरजाने दोष आपल्या हाताला दिला, आणि पुढे कधी सुई धरली नाही.

बयजामावशीने दुसरा प्रश्न विचारलाच नाही. तिने आपल्याच जुन्या, धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्याची कुंची शिवली, शिवण बाहेरून, खळ न देता, आतून कापूस भरून. गिरजा ती घेऊन गेली. त्यानंतर ती बाहुली कुणी पाहिली नाही.

वर्षं गेली. गिरजाच्या जावेची मुलगी सारजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सारजाला आई नव्हती, ती गिरजाच्याच हाताखाली वाढलेली, गिरजाला काकी म्हणायची. आणि पौषातल्या कडाक्याच्या थंडीत, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, सारजाला दिवस भरायच्या आतच मुलगी झाली. केवढी? तर वीतभर. रडायची तीसुद्धा मांजराचं पिल्लू लांबून ओरडावं तशी.

सुईण म्हणाली, हिला ऊब दिली तर जगेल. पण ऊब द्यायची कशी? मऊ फडकं गुंडाळलं की ते सुटायचं, जाड धडपं गुंडाळलं की त्याच्या भाराने तिचा श्वास अडायचा. अंगाची कातडी इतकी पातळ की फडक्याच्या काठाचाही वळ उठायचा. डोकं तर उघडंच पडायचं. सारजा तिला पोटाशी धरून बसली होती, पण सारजालाच ताप भरला होता. पोर हळूहळू निळी पडायला लागली. सारजाने बयजामावशीला बोलावणं धाडलं, कारण एवढ्या मापाचं शिवणारं दुसरं माणूस पंचक्रोशीत नव्हतं.

बयजामावशी आली ती दारातच अडली. गिरजा उंबऱ्यावर उभी होती. तिने हात आडवा धरला. म्हणाली, "पाचवीच्या आधी टाका नाही. माझ्या हाताने एकदा झालंय बयजा, परत होऊ द्यायची नाही."

तिला वाईट म्हणू नका हं. त्या घरात पोरीवर सगळ्यात जास्त जीव कुणाचा होता म्हणाल, तर तिचाच.

बयजामावशी तिच्याशी भांडली नाही. उंबऱ्याबाहेर खाली बसली आणि शांतपणे म्हणाली की नेम बाळाला आहे, बाहुलीला नाही. पाचवीपर्यंत आपण हिला बाळ म्हणायचंच नाही, बाहुली म्हणायचं. बाहुल्यांत बसवायचं आणि बाहुलीचे कपडे घालायचे. पण मी आता नवीन शिवलं तर ते बाळासाठी शिवल्यासारखं होईल, आणि सटवाईला असं फसवता येत नाही. जे घालायचं ते खरोखर एखाद्या बाहुलीचं हवं, तिच्या अंगावरून उतरवलेलं.

टोपली तर रिकामी होती, जत्रेत सगळं खपलेलं. आळीतल्या पोरींनी धावत जाऊन आपापल्या ठक्या आणल्या, भराभर त्यांची लुगडी सोडली. पण ठक्या केवढ्या? बोटाएवढ्या. त्यांच्या परकरात त्या पोरीचा हातसुद्धा मावेना. एवढ्या मापाची कुंची बयजामावशीने आख्ख्या जन्मात एकच शिवली होती. ती कुठे आहे ते तिला ठाऊक होतं. पण ती बोलली नाही. मागायची वस्तू नव्हती ती.

गिरजा बराच वेळ उंबऱ्यावर उभी होती. आतून पोरीचं रडणं येत होतं, मग तेही थांबलं. तशी गिरजा वळली, आत गेली, आणि पेटीच्या तळातून ती बाहुली घेऊन आली. अंगावर कुंची जशीच्या तशी. इतक्या वर्षांत तिने ती एकदाही उतरवली नव्हती. आता तिने स्वतःच्या हाताने बंद सोडले. बंद सोडताना ती रडत होती, आणि कुणी तिला रडू नको म्हटलं नाही.

बयजामावशीने तेव्हा तो राहिलेला प्रश्न विचारला. "गिरजे, थंडी वाजेल ना गं तिला?"

गिरजा म्हणाली, "वाजेल. सोसेल ती. मोठी आहे."

कुंची पोरीला बेतून शिवल्यासारखी बसली. शिवण बाहेर होती, म्हणून कुठे वळ उठला नाही. पण आतला कापूस जुना होऊन बसला होता, त्याच्यात ऊब उरली नव्हती. बयजामावशी तशीच उठून सावरीखाली गेली आणि झाडाला म्हणाली, एका बाहुलीला थंडी वाजते. सावरीची बोंडं फुटतात उन्हाळ्यात, हे तुम्हाला माहीत आहे. पौषात त्या झाडावर पानसुद्धा धड नसतं. पण त्या संध्याकाळी सावरीने बोंडं धरली आणि ती तिथल्या तिथे फुटली, असं म्हणतात. कापूस खाली पडला नाही. तो सगळ्या आळीवरून तरंगत तरंगत गेला, कौलांवर, गोठ्यांवर, आणि गिरजाच्या अंगणात येऊन टेकला. माणसं दारात उभी राहून बघत होती. मग बायकांनी तो ओंजळीने वेचून, नवा टाका न घालता, कुंचीच्या आत पोरीभोवती बसवला.

पाचवीला पाटावर सगळ्या गावच्या बाहुल्या ओळीने मांडल्या, आणि त्यांच्या मधोमध पोरीला निजवलं. शेजारी गिरजाची बाहुली, उघडी. सटवाई आली. तिला समोर बाहुल्याच बाहुल्या दिसल्या, आणि सगळ्या श्वास घेणाऱ्या. बाहुल्यांच्या अंगावर टाके असायचेच, म्हणून ती परत फिरली नाही, पण यातलं बाळ कुठलं, तिला काही उमगेना. मग तिने काय करावं? तिने सगळ्यांच्या कपाळावर लिहिलं, आणि घाईत होती म्हणून सगळ्यांना सारखंच लिहिलं, भरपूर. आपल्या गावच्या बाहुल्या लवकर मोडत नाहीत त्या यामुळे, असं म्हणतात. तुमच्या मोडतात कारण तुम्ही त्यांचे पाय ओढता.

पोर जगली. बाराव्या दिवशी तिचं नाव मंजुळा ठेवलं, आणि ती पुढे इतकी म्हातारी झाली की स्वतःच्या पतवंडांना काठी घेऊन मारायला धावायची. बारशाच्या दिवशी कुंची धुऊन, नवा कापूस भरून बाहुलीला परत घातली. तेव्हा बयजामावशीने पुन्हा विचारलं, आता तरी हिचं नाव सांगशील का? गिरजाने बाहुलीला उचललं आणि तिच्या कानात नाव सांगितलं. ते कुणाला ऐकू गेलं नाही, आणि आजवर कुणाला ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून गिरजाने सुई धरली. गुरुवारी सावरीखाली दोघी बसायला लागल्या.

गिरजा आपलं आयुष्य पुरं करून गेली. बयजामावशी मात्र गेली असं कुणी म्हणत नाही. एका वैशाखात भर बाजारात सावरीचा कापूस असा सुटला की समोरचं माणूस दिसेना. तो बसला तेव्हा टोपली जागेवर होती, सुईत दोरा ओवलेला होता, आणि मावशी नव्हती. ती कापसाबरोबर खिंडीपलीकडे गेली असं म्हणतात. तिकडेही बाहुल्यांना थंडी वाजतच असेल.

आपल्या सावरखिंडीत अजून बाहुल्यांचे कपडे विकतात, आणि पोरांकडून अजून चिंचोकेच घेतात. लहानग्याच्या पहिल्या कपड्याची शिवण इथे बाहेरून असते, पाहुण्यांना ती उलटी वाटते. आणि कुणाकडेही बाळ जन्मलं की पाचवीला गावभरच्या बाहुल्या पाटावर येतात. एका बाहुलीची कुंची उतरवून बाळाला घालतात. ती बाहुली उघडीच त्याच्या शेजारी ठेवतात. ज्या बाईचं मूल कधी गेलं असेल, तिला त्या दिवशी पहिला मान. कुंची तिने उतरवायची. मग घरातलं कुणीतरी तिला विचारतं, थंडी वाजेल ना गं तिला?

आणि ती बाई म्हणते, "वाजेल. सोसेल ती. मोठी आहे."