हत्तीच्या पाठीवरचे पाखरू

नदीकाठच्या एका गावी एक वृद्ध चित्रकला-शिक्षक राहत असत. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना पंचवीस वर्षे झाली होती, तरी सगळे त्यांना ‘सर’ म्हणूनच ओळखत. प्राचीन तांब्याच्या नाण्यांचे त्यांच्यासारखे जाणकार फार थोडे होते. त्यांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिले आणि त्यातले एकच चित्र सर्वतोमुखी झाले. दोन हजार वर्षांपूर्वीचे तांब्याचे नाणे, त्यावर हत्ती आणि हत्तीच्या पाठीवर बसलेले एक पाखरू.

ते नाणे नदीची वाळू चाळणाऱ्या एका झारेकऱ्याला मिळाले होते. तसे दुसरे कोणी पाहिले नव्हते. सरांनी चित्र काढून झाल्यावर ते एका महाविद्यालयाच्या हवाली केले. तिथे कपाट या खोलीतून त्या खोलीत हलवताना ते कुठेसे गेले. आपल्याकडे वस्तू हरवत नाहीत, फक्त सापडत नाहीत, आणि त्याबद्दल कोणालाही वाईट वाटत नाही. उरले ते चित्र. ते पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकांत गेले आणि तिथून लोकांच्या मोबाइलमध्ये.

सरांचा एक शिष्य होता, जनार्दन. टपाल खात्यातून निवृत्त झालेला, साठीला टेकलेला गृहस्थ. वीस वर्षे दर रविवारी तो सरांकडे नाणी वाचायला शिकत होता. बुद्धीने तल्लख नव्हता, पण चिकाटीचा होता. असे शिष्य हल्ली मिळत नाहीत, मिळाले तरी टिकत नाहीत.

एका रविवारी तो आला तो धापा टाकतच. खिशातून त्याने कापसात गुंडाळलेली दोन नाणी काढून सरांसमोर ठेवली. दोन्हींवर हत्ती होता आणि हत्तीच्या पाठीवर पाखरू.

“सर, ऑनलाइन मिळाली. अशी नऊ विकायला होती, मी दोन घेतली. तुमचं हरवलेलं नाणं एकटं नव्हतं! पुढच्या आठवड्यात नाणी-अभ्यासकांच्या संमेलनात मी यावर निबंध वाचतोय. वीस वर्षांत पहिल्यांदा मला बोलायला उभं करतायत.”

सरांनी एक नाणे उचलले. सवयीने भिंग काढले आणि न वापरता पुन्हा पिशवीत ठेवले. नुसत्या डोळ्यांनी नाण्याकडे पाहून ते म्हणाले, “खोटं आहे.”

जनार्दनाला हे फार लागले. “भिंगही लावलं नाहीत तुम्ही? मी सगळं तपासलंय. सोनाराच्या काट्यावर वजन केलं, हातानं पाडलेल्या दोन नाण्यांत जेवढा फरक असायला हवा तेवढाच आहे. कडेला साच्याची रेघ नाही. हिरवा गंज टाचणीनं खरवडला, निघाला नाही. दोन्हींवर ठसा वेगवेगळा बसलाय. ही सगळी पारख तुम्हीच शिकवलीत मला!”

“शिकवली. पुस्तकात छापलीसुद्धा. नाणी पाडणाऱ्यांनी ते पुस्तक तुझ्यापेक्षा मन लावून वाचलेलं दिसतंय.”

“मग खोटं कशावरून म्हणता?”

“पाखरावरून,” सर म्हणाले. “ते पाखरू त्या नाण्यावर नव्हतंच.”

सर थांबत थांबत बोलू लागले.

“हत्तीची पाठ झिजलेली होती. जरा फुगवटा होता, बास. छापणारे म्हणाले, चित्र अर्धवट वाटतं. त्या सकाळी नदीवर म्हशीच्या पाठीवर बगळा बसलेला पाहिला होता मी. तोच उचलून हत्तीवर बसवला. शेपटी काढताना टाकाचं टोक फाकलं आणि शेपटीला दोन टोकं झाली. तुझ्या नाण्यावर बघ. दोन आहेत ना? दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराच्या हातात माझा टाक कुठून येणार?”

जनार्दनाने पाहिले. दोन टोके होती. दुसऱ्या नाण्यावरही होती.

“इतकी वर्षं बोलला नाहीत?”

“पहिल्या वर्षी लाज वाटली. मग विद्वानांनी पाखरावर लेख लिहिले, कोणी त्याला राजचिन्ह ठरवलं, तेव्हा भीती वाटली. पुढे ते नाणंच हरवलं आणि, जनार्दन, मला सुटल्यासारखं वाटलं. हेही तुला सांगायलाच हवं.”

जनार्दनाने आपला निबंध मागे घेतला. वीस वर्षांनी मिळालेली संधी सोडताना त्याला यातना झाल्या नसतील असे मी म्हणणार नाही. त्याच्या जागी संमेलनात सर उभे राहिले. ज्या चित्रामुळे त्यांना मान मिळाला होता, ते चित्र खोटे आहे हे त्यांनी भरल्या सभेत, हात जोडून सांगितले. बगळा सांगितला, टाकाचे टोक सांगितले आणि बाजारातली नाणी घेऊ नका अशी विनवणी केली.

मग एक तरुण संशोधक अतिशय आदराने उभा राहिला.

“सर, क्षमा करा. शेपटीची दोन टोकं नऊच्या नऊ नाण्यांवर आहेत. म्हणजे तुम्ही जे पाहिलंत ते बिनचूक काढलंत, याचा हा पुरावाच झाला. वयोमानानं आठवण दगा देते, सर. पण नाणी समोर आहेत.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी सरांच्या विनयाचे कौतुक केले आणि त्यांना शाल, श्रीफळ दिले. दुपारपर्यंत त्या ऑनलाइन दुकानात नाण्यांच्या शेजारी शाल पांघरलेल्या सरांचे छायाचित्र झळकले. हे लिहितानाही मन विषण्ण होते.

बाहेर पायऱ्यांवर जनार्दन म्हणाला, “आता काय करायचं, सर?”

“आता काही होत नाही. आपण दोघं गेलो की ते पाखरू खरं होईल. नाणी पाडणाऱ्यावर मी रागावू कसा? त्यानं तांबं आणलं, पाखरू माझं होतं. झिजलेल्या जागी ‘इथे काही दिसत नाही’ एवढं लिहायचं होतं मला. चार शब्द लागले असते. तुझ्या वहीत तरी तेवढं लिहून ठेव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी जनार्दन आपली वही उघडून बसला. वीस वर्षांत पाहिलेल्या तीनशेहून अधिक नाण्यांची चित्रे त्याने तीत काढली होती. बहुतेक नाणी दुसऱ्यांची होती, एकदाच हाताळून परत दिलेली. झिजलेल्या जागा शोधून तिथे ते चार शब्द लिहायचे, असे त्याने ठरवले होते. पहिल्या पानावर एक बैल होता. दोन्ही शिंगे रेखीव होती. दोन्ही खरोखर दिसली होती का, हे त्याला आठवेना. त्याने पान उलटले. तिथे एक झाड होते, त्याला सात पाने होती.

दुपार झाली तरी कागदावर एकही शब्द उमटला नव्हता. आपण पाहिलेली रेघ कोणती आणि आपण घातलेली कोणती, हे एकाही पानावर त्याला सांगता येत नव्हते.