साळूची घंटा

ही सफर सांगणारीने डोळ्यांनी पाहिलेली नाही. फार पूर्वी, समुद्रकिनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत पाच दिवस पाहुण्यांना फिरवणाऱ्या घोड्यांत, गळ्यात घंटा बांधलेली म्हातारी साळू सर्वांत पुढे असे. तिसऱ्या दिवशी चढणीवर ती ठेचकाळली आणि मागच्या तरण्या बिजल्याला कळले, मावशीला आता दिसत नाही.

“मालकाला कळू देऊ नकोस रे,” साळू पुटपुटली. “कायमची तबेल्यात ठेवतील मला.”

“मग मी पुढे होतो. माझ्या टापा ऐकत ये.”

“तू? परवा लाटेला बुजलास, तोच ना?”

“तोच. वाट तू सांग, मावशी. खड्डे मी सांगतो.”

माथ्यापर्यंत साळूचे पाऊल चुकले नाही. उतरणीआधी मालकाने तिची घंटा सोडून बिजल्याच्या गळ्यात बांधली आणि साळूला त्याच्या अगदी मागे उभे केले. त्याला नेमके काय कळले होते, हे त्याने कधीच कोणाला सांगितले नाही.