मागचा डावा स्पीकर

“...आणि ती डबी काढून खिशात घातल्यावरसुद्धा?” नारोबुवांनी विचारलं.

“खिशात घातल्यावरसुद्धा.”

“संगणक बंद?”

“बंद. वायरी काढलेल्या. तरी मागून आवाज आला, बुवा.”

एवढं बोलून त्यानं मागे वळून पाहिलं. मागे मठाची पडवी होती आणि पडवीत मी तांदूळ निवडत बसलो होतो. मला बघून तो दचकला. भर दुपारी, लख्ख उन्हात, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला बघून कुणी दचकावं याचं मला हसूच आलं.

त्याचं नाव उपेंद्र हेर्लेकर. कोल्हापूरचा. माहितीपटांना आवाज जोडायचं काम तो घरी बसून करायचा. नारोबुवांना गुरू मानायचा, पण त्याला ऐकून घेण्यापेक्षा ऐकवायची हौस जास्त. मागच्या खेपेला आला होता तेव्हा आमच्या मठातल्या घंटेचा नाद कुठे चुकतो, हे बुवांना समजावून गेला होता. बुवांनी मान डोलावली होती. घंटा आजही तीच आहे.

या खेपेला मात्र त्याचा चेहरा पार उतरला होता. डोळे आत गेलेले, दाढी वाढलेली.

त्यानं खिशातून ती डबी काढली आणि बुवांसमोरच्या दगडावर ठेवली. काळी, काड्यापेटीहून थोडी मोठी, एका अंगाला रंगीत भोकं. त्याला साउंड कार्ड म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. घरच्या संगणकाच्या पोटात जास्तीचे स्पीकर चालवायची सोय नव्हती, म्हणून ही डबी बाहेरून यूएसबीला जोडायची. मग तिच्यातून पुढे तीन स्पीकर, मागे दोन, आणि खाली जमिनीवर घुमणारा एक मोठा. पडद्यावरच्या माणसाच्या पाठीमागे फांदी मोडली, तर ऐकणाऱ्याच्याही पाठीमागे मोडली पाहिजे.

“म्हणजे मागं काही नसताना आहे असं वाटायला लावायचं,” बुवा म्हणाले.

तेवढ्यापुरता त्याचा जुना ताठा परत आला. हो, तेच, आणि त्यात मी तरबेज आहे, असं तो म्हणाला. कुठला आवाज कुठल्या स्पीकरमधून येतो, हे डोळे मिटून सांगतो; आजवर एकदाही कान फसलेले नाहीत.

“मग हा आवाज कुठनं येतो?”

“मागच्या डाव्यातून.”

“कसा?”

त्यानं बोटाची पेरं दगडावर टेकवली, पण वाजवायचं धाडस त्याला झालं नाही. हात मागे घेतला.

“टक्... टक्. दोनदा. मग शांत. मग पुन्हा.”

पहिल्यांदा त्याला वाटलं, डबीत बिघाड आहे. त्यानं संगणकात तिची सगळी जुळणी नव्यानं केली. मग डाव्या-उजव्याच्या वायरी अदलाबदल करून बघितल्या. डबी खराब असती तर आवाज उजवीकडे जायला हवा होता. तो डावीकडेच राहिला. शेवटी त्यानं तो स्पीकरच भिंतीवरून उतरवला आणि खोलीबाहेर नेऊन ठेवला.

“आणि?”

“त्याच जागेवरून आला. जिथे नुसता खिळा राहिलाय, तिथून.”

माझं हसू तेव्हा थांबलं. माणूस खोटं बोलत नव्हता. सांगताना त्याच्या मानेवरचे केस उभे राहिलेले मला बसल्या जागेवरून दिसत होते.

“मग तू काय करतोस?”

“पळतो.” तो मान खाली घालून म्हणाला. “दार उघडून अंगणात जातो. आवाज थांबेपर्यंत आत जात नाही. बुवा, या डबीला तुमच्या हातचा अंगारा लावून द्या. मला तिथे बसवत नाही.”

बुवांनी डबीकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी नुसतं बोट फिरवलं.

ते बोट मला ओळखीचं. जो भीती घेऊन येतो, त्याला बुवांकडे पाठ करून बसायला लावायचं, ही आमच्या मठाची जुनी रीत. का, ते मला विचारू नका. बुवांच्या गुरूंपासून चालत आली आहे.

उपेंद्र वळून बसला. समोर कोरी भिंत, मागे बुवा. पाठ उघडी पडली तशी त्याचे खांदे वर चढले आणि गळा आत गेला.

“घरात कोण कोण असतं?” मागून बुवांचा आवाज आला.

“मी एकटाच.”

...

“ती भिंत. खिळा आहे ती. तिच्या पलीकडं काय?”

“अप्पांची खोली. वडिलांची.”

“आत्ता एकटाच म्हणालास.”

“अप्पा आहेत, पण...” तो अडखळला. “अंथरुणावर आहेत. अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना आता काही कळत नाही. असून नसल्यासारखे. सकाळी एक बाई येते, अंग पुसते, पेज भरवते. मी आपला माझ्या कामात.”

“दोन्ही हात गेले?”

“उजवा गेला.”

“आणि डावा?”

“डावा... भिंतीकडच्या बाजूला असतो. पांघरुणात.”

तांदळाचं सूप माझ्या मांडीवर तसंच राहिलं. मला वाटलं, आता याला उमजेल. पण भीती फार वाईट. तो भिंतीकडे बघत पुढे सांगत राहिला, जणू दुसऱ्याच कुणाची तरी हकीकत सांगत होता. म्हणाला, बुवा, खरी गोष्ट तर मी सांगितलीच नाही. परवापासून आवाज बदलला आहे. दोनाऐवजी एकच येतो, तोही दबका. आणि आज सकाळपासून तर आलाच नाही.

“म्हणजे गेली की तुझी पीडा,” बुवा म्हणाले.

“तसंच वाटायला हवं होतं.” त्याचा आवाज चिरका झाला. “पण आज जास्त भीती वाटली. आवाज यायचा तेव्हा ते जे काही आहे, ते भिंतीत आहे, एवढं तरी कळायचं. आज ते कुठे आहे तेच कळेना. म्हणून उठलो, डबी खिशात टाकली आणि पहिल्या एसटीनं इकडे आलो.”

“निघताना अप्पांना बघितलंस?”

“दार लोटलेलं होतं.”

“बाई आली होती?”

“तिच्या माहेरची जत्रा आहे. आज येणार नव्हती.”

...

बुवा काही बोलले नाहीत. वळचणीला पारवे घुमत होते, तेही थांबल्यासारखे वाटले. उपेंद्र भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि पाठीमागच्या त्या शांततेनं त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. त्यानं एकदा “बुवा?” म्हणून हाक मारली.

मी बघत होतो म्हणून मला दिसलं. बुवांनी हात लांब केला आणि बोटाच्या पेरांनी शेजारच्या लाकडी खांबावर वाजवलं.

टक्... टक्.

उपेंद्र ओरडला नाही. गर्रकन वळला, दोन्ही हात जमिनीला टेकून, डोळे विस्फारून.

बुवा शांतपणे त्याच्याकडे बघत होते. हात अजून खांबावरच होता.

“वळलास की,” ते म्हणाले.

“तुम्ही वाजवलंत.”

“इथं का वळलास? पळाला का नाहीस?”

“मागे तुम्ही आहात, हे ठाऊक होतं.”

“आणि घरी मागं कोण आहे?”

“घरी मागे स्पीकर...”

तो थांबला. स्पीकर त्यानं स्वतःच्या हातानं उतरवला होता. तिथे आता खिळा होता, आणि खिळ्यापलीकडे चार बोटं जाडीची भिंत.

...

“अप्पा हिंडते-फिरते होते तेव्हा,” बुवांनी विचारलं, “तुझ्या खोलीत कसे यायचे?”

उपेंद्रचं तोंड पांढरंफटक पडलं. मला त्याचा राग आला होता, तो त्या क्षणी गेला. पोटच्या पोराचं तोंड असं होताना कुठल्याही बापाला बघवलं नसतं.

“वाजवून,” तो शेवटी म्हणाला. “चौकटीवर. दोनदा.”

“त्यांची सवय?”

“नाही. मी लावलेली. एकदा काम चालू असताना ते हाका मारत आत आले आणि माझा सगळा आवाज बिघडला. मी खूप बोललो त्यांना. म्हटलं, हाका मारायच्या नाहीत, वाजवायचं, आणि मी ‘या’ म्हटल्याशिवाय आत यायचं नाही. त्यानंतर कधी चुकले नाहीत. चहा घेऊन आले तरी बाहेर उभे राहायचे. माझ्या कानावर हेडफोन असायचा, मला ऐकू यायचं नाही. चहा गार व्हायचा. ते पुन्हा वाजवायचे.”

“आणि आता?”

“आता मी...” त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. “आता ते वाजवतात आणि मी घराबाहेर पळतो.”

बुवांनी त्याला समजावलं नाही, की पाठीवर हात ठेवला नाही. खांबाच्या खुंटीवरची त्याची पिशवी दुसऱ्या हातानं काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. कोल्हापूरकडची एसटी फाट्यावर यायची वेळ झाली होती.

तो उठला. चपलेत पाय शिरेना. मी पुढे होऊन चप्पल सरळ केली. डबी दगडावर तशीच पडली होती. तिच्याकडे त्याचं लक्षही गेलं नाही. फाटकापर्यंत जवळजवळ धावतच गेला आणि तिथे अडला. कडीला हात, पण कडी काढेना.

मग तो तसाच परत आला. आल्यापासून पहिल्यांदा त्याच्या बोलण्यात ऐकवण्याची हौस नव्हती.

“बुवा... सकाळपासून आवाज नाही.”

बुवांनी त्याच्याकडे बघितलं.

“दार लोटलेलं आहे. मी त्या दारापाशी जाईन, बुवा. जाईन मी. पण आतून काही आलंच नाही तर? मी काय करू तिथे उभा राहून?”

खांबावरचा हात बुवांनी आता कुठे खाली घेतला.

“आता तू वाजव,” ते म्हणाले.